ज्येष्ठमध: औषधात, स्वयंपाकात आणि किती दिवस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठमधाबद्दलचे बहुतेक प्रश्न 'कशावर चालतं' या वळणाचे असतात. खरं तर आधी 'किती ग्रॅम' आणि 'किती दिवस' हे विचारायला हवं, कारण या मुळीला गोड करणारा घटकच रक्तदाब चढवतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत म्हणूनच वजनं आणि मुदती दिल्या आहेत. पूड मोजायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर 5 मिलिचा सपाट भरलेला लहान चमचा म्हणजे साधारण 2 ते 2.5 ग्रॅम पूड, असं धरा.

ज्येष्ठमध म्हणजे झाडाचा नेमका कोणता भाग?

मूळ, आणि जमिनीखाली आडवी पसरणारी खोडं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव ग्लायसिरायझा ग्लाब्रा. ती वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातली बहुवर्षायू वनस्पती आहे. मीटर-दीड मीटर उंच वाढते आणि तिला फिकट जांभळी फुलं येतात. मूळ प्रदेश भूमध्य समुद्राच्या काठापासून मध्य आशियापर्यंतचा. चिनी वैद्यकात 'गानत्साओ' नावाने जे वापरतात त्यात ग्लायसिरायझा युरालेन्सिस आणि ग्लायसिरायझा इन्फ्लाटा या भाऊबंद जातीही येतात. तिन्हींत गोड घटक तोच. बाकीच्या घटकांत मात्र फरक असतो, त्यामुळे एका जातीवरचा अभ्यास दुसरीला जसाच्या तसा लावू नये.

गोडवा कशामुळे येतो? साखरेपेक्षा वेगळा का लागतो?

ग्लायसिरायझिन नावाच्या सॅपोनिनमुळे, म्हणजे पाण्यात साबणासारखा फेस आणणाऱ्या वनस्पतीतल्या घटकामुळे. ते साखरेच्या सुमारे 50 पट गोड आहे. जिभेवर त्याची गोडी उशिरा उमटते आणि बराच वेळ रेंगाळते. म्हणून काडी चावल्याचावल्या आधी मातकट-लाकडी चव लागते आणि मग गोडी चढत जाते. चहात घालताना इथेच गफलत होते. पहिल्या घोटाला गोड लागत नाही म्हणून आणखी पूड घातली जाते आणि अर्ध्या कपानंतर तोंड ओशट होतं. एकदा घालून झालं की मिनिटभर थांबा, मग चाखा.

औषधनिर्मितीसाठी घेतल्या जाणाऱ्या मुळीत किमान 4 टक्के ग्लायसिरायझिन असावं, असा युरोपीय औषधसंहितेचा निकष आहे. प्रत्यक्षात माती, जात, मुळाचं वय आणि काढणीची वेळ यांनुसार हे प्रमाण पुष्कळ खालीवर होतं.

ज्येष्ठमधाला बडीशेपेसारखा वास असतो ना?

नाही. बडीशेप, अ‍ॅनिस (बडीशेपेसारख्या वासाचं परदेशी बी) आणि चक्रीफूल यांचा वास अ‍ॅनेथॉल या सुगंधी घटकाचा. ज्येष्ठमधात अ‍ॅनेथॉल नगण्य असतं. घोटाळा परदेशी काळ्या कँडीमुळे झाला आहे, कारण तिच्यात बहुधा अ‍ॅनिसचं तेल घातलेलं असतं आणि काही कँड्यांत तर ज्येष्ठमध अजिबात नसतं. लाल रंगाच्या 'लिकोरिस' (ज्येष्ठमधाचं इंग्रजी नाव) कँडीत तर ते जवळपास कधीच नसतं. म्हणून पाककृतीत लिकोरिसची चव हवी असं लिहिलेलं दिसलं, की लेखकाला मूळ अभिप्रेत आहे की अ‍ॅनिसचा वास, हे आधी ठरवा. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

चांगली काडी कशी ओळखायची?

मोडून बघा. बाहेरची साल तपकिरी आणि सुरकुतलेली, आतला गाभा स्वच्छ पिवळा आणि तंतुमय हवा. चांगली काडी कटकन न तुटता चिवट तंतू सोडत तुटते. आतून करडी किंवा काळपट असेल, कुबट वास येत असेल, बारीक भोकं दिसत असतील किंवा भुसा झडत असेल तर घेऊ नका. अंगठ्याएवढी जाड आणि पांढरट गाभ्याची काडी दिसायला भारदस्त असते, पण तेवढ्यावरून ती गोड निघेलच असं नाही. चावून पाहणं हीच खरी परीक्षा. अर्ध्या मिनिटात घसघशीत गोडी यायला हवी. शेवटी हलका कडवटपणा राहिला तर तो दोष नाही. सालीसकट काडी जास्त कडवट लागते, सोललेली सौम्य.

पुडीसाठी एक सोपी चाचणी आहे: अर्धा चमचा पूड बाटलीभर कोमट पाण्यात घालून जोरात हलवा. सॅपोनिनमुळे दाट फेस येतो आणि काही मिनिटं टिकतो. फेस लगेच विरला तर पूड जुनी किंवा भेसळ केलेली असण्याचा संशय घ्या. ही चाचणी निर्णायक नाही, कारण फेस देणाऱ्या इतर मुळ्याही आहेत.

गुंजेचं मूळ ज्येष्ठमधाच्या नावाने विकलं गेल्याची उदाहरणं जुनी आहेत. गुंजेच्या पाल्यात गोडी असते, पण बिया अत्यंत विषारी असतात आणि त्या वेलीचं मूळ म्हणजे ज्येष्ठमध नव्हे. खात्री नसेल तिथे पुडीऐवजी अख्खी काडी घेऊन घरी दळणं बरं.

काडी, पूड, सत्त्व आणि 'डीजीएल' यांत फरक काय?

काडी किंवा ठेचलेले तुकडे काढ्याला आणि स्वयंपाकाला. पाण्यात उतरेल तेवढंच पोटात जातं, चोथा फेकला जातो.

पूड पोटात पूर्ण जाते, म्हणजे तीतलं सगळं ग्लायसिरायझिनही. एक ग्रॅम पूड आणि एक ग्रॅम तुकड्यांचा काढा यांचा हिशेब म्हणून सारखा नाही.

सत्त्व म्हणजे मुळी पाण्यात उकळून, गाळून, आटवून केलेला काळा कठीण गोळा किंवा वडी. त्यात ग्लायसिरायझिन मुळीपेक्षा कितीतरी पट दाट असतं. हरभऱ्याएवढा तुकडा निरुपद्रवी दिसतो, पण सगळ्यांत जास्त जपायचं ते यालाच.

डीजीएल म्हणजे ग्लायसिरायझिन बहुतांशी काढून टाकलेलं ज्येष्ठमध. रक्तदाबाचा धोका यात खूपच कमी. पोटाच्या तक्रारींसाठी दीर्घकाळ घ्यायचं असेल तर वैद्यकीय सल्ल्याने हाच पर्याय विचारात घेतात. खोकल्यासाठी मात्र तो साध्या मुळीचा पर्याय मानला जात नाही.

काढा कसा करायचा?

एका माणसासाठी एका वेळी दीड ते दोन ग्रॅम ठेचलेली मुळी आणि 150 मिलि पाणी.

1. काडी खलबत्त्यात तंतू मोकळे होईपर्यंत ठेचा. नुसते गोल काप टाकले तर आतली गोडी नीट उतरत नाही.
2. पाण्याला उकळी आली की मुळी घाला आणि आच मंद करा. भांडं निदान तिप्पट मोठं घ्या. हा काढा साबणासारखा फेसाळतो आणि दुधासारखा उतू जातो.
3. पाच मिनिटं मंद उकळून आच बंद करा, झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्या.
4. गाळा. पूड वापरली असेल तर बारीक गाळणी चोंदते, म्हणून सुती कापडातून गाळून पिळा.

बिघडतं ते बहुतेक वेळा आच आणि वेळेमुळे. अर्धा तास रटारटा उकळलं की कडू आणि खरखरीत घटक उतरतात आणि मग ती कडू चव झाकायला मध घातला जातो. आणखी मऊ चव हवी असेल तर तेवढीच मुळी रात्रभर साध्या पाण्यात झाकून भिजवा, सकाळी गाळून फक्त कोमट करा.

लिंबू पिळणार असाल तर काढा गढूळ होईल आणि गोडी उतरेल, याची तयारी ठेवा. आम्लात ग्लायसिरायझिन नीट विरघळून राहत नाही, तळाशी बसतं. आलं, दालचिनी, लवंग चालतात. आंबट फळांचा रस घालायचाच असेल तर ऐन पिताना घाला.

खोकल्याला आणि घशाला खरंच उपयोग होतो का?

सर्दीबरोबरच्या खोकल्यात कफ सुटायला मदत, हा ज्येष्ठमधाचा पारंपरिक उपयोग युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने (युरोपीय संघाची औषध नियामक संस्था) मान्य केला आहे: दीड ग्रॅम मुळीचा 150 मिलि काढा, जेवणानंतर, दिवसातून दोनदा, प्रौढांसाठी. 'पारंपरिक उपयोग' याचा अर्थ दीर्घ अनुभवावर आधारलेला, मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेला नव्हे. आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. ताप, धाप किंवा कफातून रक्त असेल तर तेवढंही थांबू नका.

घशाच्या बाबतीत पुरावा जरा पक्का आहे, तोही अनपेक्षित ठिकाणाहून आलेला. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना श्वासनलिकेत नळी घातली की नंतर घसा दुखतो. भूल देण्याच्या पाचेक मिनिटं आधी अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध 30 मिलि पाण्यात घालून गुळण्या केल्या तर हा त्रास कमी होतो, असं भारतातल्या आणि ऑस्ट्रियातल्या नियंत्रित चाचण्यांत दिसलं आहे.

घरी आवाज बसल्यावर किंवा घसा खवखवत असताना हेच प्रमाण गुळण्यांना वापरता येतं. अर्धा मिनिट घशात खेळवून थुंकून टाका. गुळणी गिळली जात नसल्यामुळे रक्तदाबाचा प्रश्न जवळपास उरत नाही. रक्तदाब असणाऱ्यांना घशासाठी काही करायचंच असेल, तर काढ्यापेक्षा गुळण्या कधीही बऱ्या.

आम्लपित्त आणि अल्सरवर?

जळजळ आणि अपचन यांसाठीही त्याच एजन्सीने पारंपरिक उपयोग नोंदवला आहे: दीड ते दोन ग्रॅम मुळी 150 मिलि पाण्यात, जेवणानंतर, दिवसातून दोन ते चार वेळा, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही.

अल्सरची कथा मोठी आहे आणि तिच्यातूनच ज्येष्ठमधाचे धोके आधुनिक वैद्यकाला कळले. 1940च्या दशकात नेदरलँड्समधले डॉक्टर रेव्हर्स यांनी जठराच्या अल्सरच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचं सत्त्व दिलं. अल्सरला उतार पडला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली, डोकं दुखू लागलं, धाप लागली. पुढे याच घटकापासून कार्बेनॉक्सोलोन नावाचं औषध बनलं. ते अल्सर भरून आणायचं, पण सूज आणि पोटॅशियमची घट मागे लागलेलीच असायची. 1970च्या दशकात आम्ल कमी करणारी सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं.

आज अल्सरचं मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या हे असतं, हे माहीत आहे. जंतूवर प्रतिजैविकांचा कोर्स लागतो. ज्येष्ठमधाने जळजळ शमली म्हणून तपासणी टाळणं म्हणजे मूळ दुखणं आत वाढू देणं.

आयुर्वेदात याचं स्थान काय?

यष्टीमधु, मधुयष्टी, मधुक अशी नावं ग्रंथांत येतात. रस मधुर, गुण गुरू आणि स्निग्ध, वीर्य शीत, विपाक (पचनानंतरचा रस) मधुर. वात आणि पित्त शमवणारं. चरकसंहितेत कंठाला हितकर अशा दहा द्रव्यांच्या गणात मधुक आहे, जीवनीय गणातही आहे. चार मेध्य (बुद्धीला हितकर) रसायनांत दुधाबरोबर यष्टीमधुचं चूर्ण सांगितलं आहे. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला 2 ते 4 ग्रॅम.

क्षीरपाक करायचा तर प्रमाण एक भाग द्रव्य, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी असं घेतात. म्हणजे 5 ग्रॅम ठेचलेल्या मुळीला 40 मिलि दूध आणि 160 मिलि पाणी. मंद आचेवर पाणी आटून दुधाएवढं उरेपर्यंत उकळायचं आणि गाळायचं. घाई करून मोठी आच केली की दूध तळाला लागतं आणि सगळा पाक जळका लागतो.

रसायन म्हणून महिनोन्‌महिने घ्यायचा विचार असेल तर पुढचं उत्तर वाचून, वैद्यांच्या देखरेखीखालीच.

मग रोज किती घेतलेलं चालतं?

युरोपीय संघाच्या शास्त्रीय समितीने 2003 मध्ये नियमित सेवनासाठी दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन ही वरची मर्यादा सुचवली. ती मुळीत बदलून बघा. मुळीत 4 टक्के ग्लायसिरायझिन धरलं तर 100 मिलिग्रॅम म्हणजे अडीच ग्रॅम पूड: एक सपाट लहान चमचा. सकाळ-संध्याकाळ चमचा-चमचा पूड खाणारा माणूस मर्यादेच्या दुप्पट घेत असतो आणि 'घरगुतीच तर आहे' असं समजत असतो.

वर दिलेल्या मात्रा या मर्यादेच्या पुढे जातात, मग त्या चूक का? नाही. त्या थोड्या दिवसांच्या उपचारासाठी आहेत, ही मर्यादा रोजच्या सवयीसाठी आहे. आठवडाभर खोकल्याला काढा घेणं वेगळं आणि वर्षभर चहात पूड घालणं वेगळं.

100 मिलिग्रॅम ही तरी लक्ष्मणरेषा आहे का? तीही नाही. 2024 मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात 28 निरोगी तरुणांनी दोन आठवडे रोज एवढंच ग्लायसिरायझिन घेतलं, तर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 3 अंकांनी वाढला. काहींचा त्याहून बराच वाढला. संवेदनशीलता माणसागणिक बदलते आणि आपली किती हे आधी कळत नाही.

आमचं मत: निरोगी प्रौढाने औषध म्हणून घ्यायचं तर एक ते दोन आठवडे, मग सोडून द्यावं. रोजच्या चहात सवय म्हणून घालू नये. चव म्हणून अधूनमधून खाल्लं तर काळजीचं कारण नाही.

रक्तदाब वाढतो तो कसा?

आतड्यातले जिवाणू ग्लायसिरायझिनचं ग्लायसिरेटिनिक आम्लात रूपांतर करतात. हे आम्ल मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. त्या एन्झाइमचं काम कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करण्याचं. ते थांबलं की कॉर्टिसॉल मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाची भूमिका वठवू लागतं: मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवलं जातं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. परिणाम तिहेरी: रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते आणि पोटॅशियम घसरतं. सगळ्यांत घातक तिसरा, कारण पोटॅशियम फार उतरलं की हृदयाचा ठोका बिघडतो.

2020 मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं अमेरिकेतलं एक प्रकरण यामुळेच गाजलं: 54 वर्षांचा माणूस काही आठवडे रोज पुडा-दीड पुडा काळी लिकोरिस कँडी खात होता, त्याचं पोटॅशियम कोसळलं, हृदय थांबलं आणि तो दगावला. चाळिशीपुढच्या लोकांनी रोज 57 ग्रॅम काळी कँडी दोन आठवडे खाल्ली तरी ठोक्याची अनियमितता होऊ शकते, असा इशारा अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन देतं.

जास्त झाल्याची लक्षणं कोणती? तेव्हा काय करायचं?

घोट्याशी किंवा चेहऱ्यावर सूज, चार-पाच दिवसांत वाढलेलं वजन, नवी डोकेदुखी, पायांत गोळे, जिना चढताना मांड्या भरून येणं, धडधड. यातलं काही दिसलं तर ज्येष्ठमध त्याच दिवशी बंद करा, रक्तदाब मोजा आणि डॉक्टरांना 'मी ज्येष्ठमध घेत होतो' हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. रक्तातलं पोटॅशियम तपासलं जाईल. धडधड, चक्कर किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटलं तर थेट रुग्णालय गाठा.

बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होत नाही. एन्झाइम सावरायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पोटॅशियमच्या गोळ्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंड अशक्त असेल तर त्याच उलटतात.

कोणी घेऊच नये?

उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, यकृताचा सिरोसिस किंवा आधीच कमी पोटॅशियम असणाऱ्यांनी. औषधांपैकी या गोळ्या चालू असतील तर नको: लघवी वाढवणाऱ्या (फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड), हृदयासाठीचं डिगॉक्सिन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स आणि सनायसारखी तीव्र रेचकं. लघवीच्या गोळ्या आणि रेचकं स्वतःच पोटॅशियम घालवतात, ज्येष्ठमध त्यात भर घालतं. डिगॉक्सिनचा विषारी परिणाम पोटॅशियम कमी असताना वाढतो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊनही आकडा उतरत नसेल तर काढे, चूर्णं, घशाच्या गोळ्या यांची घटकयादी एकदा वाचून पाहा. बऱ्याच मिश्रणांत ज्येष्ठमध असतं.

गरोदरपणात चालतं का?

नियमित किंवा जास्त प्रमाणात नको. हा प्रश्न फिनलंडमध्ये सविस्तर अभ्यासला गेला, कारण तिथे लिकोरिस कँडी भरपूर खातात. गरोदरपणात आठवड्याला 500 मिलिग्रॅमहून जास्त ग्लायसिरायझिन पोटात गेलेल्या मातांच्या मुलांमध्ये पुढे आकलनाच्या चाचण्यांत कमी गुण दिसले. अशा निरीक्षणात्मक अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, पण गर्भाला आईच्या कॉर्टिसॉलपासून वाचवणारं वारेतलं एन्झाइम तेच, मूत्रपिंडातलं. त्यामुळे शंका निराधार नाही. क्वचित एखादी घशाची गोळी चघळली म्हणून घाबरायचंही कारण नाही.

लहान मुलांना?

युरोपीय मार्गदर्शन 18 वर्षांखाली औषधी वापराची शिफारस करत नाही. आयुर्वेदात बालमात्रा आहेत, पण त्या वैद्याने वय आणि वजन पाहून ठरवायच्या. मोठ्यांच्या मात्रेचा अर्धा असा सरसकट हिशेब करू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून तर अजिबात नको, कारण मधातून बॉट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. तुकडा चघळायला दिला तर तंतू घशात अडकू शकतात.

मधुमेह असेल तर?

काढ्यातली साखर किरकोळ असते. ग्लायसिरायझिनने रक्तातली साखर ऊसाच्या साखरेसारखी चढत नाही. पण मधुमेहाबरोबर रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी बहुतेकदा असतात, आणि अडचण तिथे आहे. कँडी आणि सिरप म्हणजे मात्र सरळ साखरच.

त्वचेवर लावल्याने डाग जातात का?

ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन हे त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला रोखतं, म्हणून ते क्रीममध्ये वापरलं जातं. ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. पाण्यात कालवलेल्या लेपातून ते त्वचेत फारसं शिरत नाही, म्हणून घरगुती लेपाकडून क्रीमची अपेक्षा करू नका. लावायचाच तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. भरड पुडीने चेहरा घासला की डाग जायच्या ऐवजी चट्टे उठतात.

कावीळ, विषाणू, यकृत यांवर गुणकारी म्हणतात, ते?

जपानमध्ये ग्लायसिरायझिनचं इंजेक्शन जुनाट हेपटायटिसमध्ये कित्येक दशकं वापरात आहे. ते शुद्ध केलेलं, शिरेतून दिलं जाणारं, डॉक्टरांच्या नजरेखालचं औषध आहे. काढ्याने तसंच होईल असं त्यावरून ठरत नाही. 2003 मध्ये सार्सच्या विषाणूची वाढ ग्लायसिरायझिनने थांबते असं जर्मनीतल्या प्रयोगशाळेत दिसलं, पण ते पेशींच्या बशीत, भरपूर मात्रेत. पिऊन तेवढं रक्तात उतरत नाही.

स्वयंपाकात ज्येष्ठमध कुठे जमतं, कुठे नाही?

जमतं ते दूध, साय, कॅरमेल, गडद चॉकलेट, कॉफी, संत्र्याची साल, आलं, अंजीर, आलुबुखार आणि बीट यांच्याशी. मीठही त्याला फार छान उठाव देतं. चीनमध्ये सोया सॉसच्या मसालेदार रश्शात मांस शिजवताना सुक्या मुळीच्या दोन-तीन चकत्या टाकतात. त्या रश्शाचा खारटपणा गोलसर करतात. सुकवलेल्या खारट आलुबुखारातही ज्येष्ठमध असतं.

जमत नाही ते ताज्या आंबट पदार्थांत, नाजूक वासाच्या फुलांच्या पेयांत आणि जिथे पूड थेट पिठात जाते तिथे. पूड कितीही वस्त्रगाळ केली तरी तंतू दाताखाली येतात. केक किंवा बिस्किटांत चव हवी असेल तर मुळी दुधात किंवा लोण्यात मुरवून गाळून घ्या.

दुधासाठी: अर्धा लिटर दूध, 5 ग्रॅम ठेचलेली मुळी. दूध वाफाळेपर्यंत तापवा, उकळू नका, आच बंद करून झाकून 20 मिनिटं ठेवा, कापडातून गाळा. या दुधाची खीर किंवा आइस्क्रीम करताना नेहमीच्या साखरेतली पाव भाग साखर कमी करा. थंड पदार्थात साखरेची गोडी दबते, ज्येष्ठमधाची रेंगाळते, म्हणून गोडी गार झाल्यावर पुन्हा चाखा. चार जणांत वाटलं तर प्रत्येकी जास्तीत जास्त 50 मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन जातं.

सिरपसाठी: 8 ग्रॅम मुळी 250 मिलि पाण्यात दहा मिनिटं मंद उकळा, गाळा, मग 200 ग्रॅम साखर घालून विरघळवा. साखर आधी घातली तर मुळीतली गोडी नीट उतरत नाही आणि चोथ्याबरोबर पाकही वाया जातो. फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतं. वरचा हिशेब लावला तर 15 मिलि सिरपमध्ये 14 मिलिग्रॅमच्या आसपास ग्लायसिरायझिन.

काळी खारट लिकोरिस म्हणजे काय?

फिनलंडमध्ये 'साल्मियाक्की'. त्यात ज्येष्ठमधाच्या सत्त्वाबरोबर नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड असतं. नेदरलँड्समधल्या 'ड्रॉप' गोळ्यांच्या खारट प्रकारांतही तेच. पहिल्यांदा खाणाऱ्याला ती झणझणीत खारट-तुरट चव बहुधा आवडत नाही. गोड प्रकारात इंग्लंडमधल्या पॉन्टिफ्रॅक्टच्या चपट्या टिकल्या प्रसिद्ध आहेत. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात साखरेविना निव्वळ सत्त्वाचे काळे तुकडे मिळतात. तिथला अमारेल्ली कारखाना 1731 पासूनचा. निव्वळ सत्त्वाचे तुकडे एक-दोनच चघळायचे असतात.

युरोपीय संघात किलोमागे 4 ग्रॅम किंवा जास्त ग्लायसिरायझिन असलेल्या गोळ्यांवर 'रक्तदाब असणाऱ्यांनी अतिसेवन टाळावं' असं छापणं बंधनकारक आहे. पाकिटावर ती ओळ शोधा.

अरब देशांतलं काळं पेय कसं करतात?

इजिप्त आणि सीरियात 'अर्कसूस' रमजानमध्ये विशेष पितात. मुळीच्या भरड पुडीवर चिमूटभर खाण्याचा सोडा आणि थोडं पाणी शिंपडून, रंग गडद होईपर्यंत चोळून मुरवतात. मग कापडात बांधून त्यावरून थंड पाणी थेंबथेंब झिरपू देतात. सोड्यामुळे गोड घटक थंड पाण्यातही भराभर उतरतो. वरून ओतताना आलेला जाड फेस हीच त्याची शान. दाट असल्यामुळे लहान पेलाभर पुरे.

काडी चघळल्याने दात चांगले राहतात का?

तंतूंनी दात घासले जातात आणि मुळीतले काही घटक प्रयोगशाळेत दातांच्या जंतूंना रोखतात. ब्रशची जागा ती घेत नाही. चघळताना रस गिळला जातो, म्हणजे तोही रोजच्या हिशेबात धरा.

साठवायचं कसं?

काड्या हवाबंद बरणीत, कोरड्या अंधाऱ्या जागी दोन-तीन वर्षं राहतात. पूड सहा महिने ते वर्ष. ओलसर चमचा बरणीत गेला की गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. या मुळीत ऑक्राटॉक्सिन ए या बुरशीजन्य विषाची समस्या नेहमीची आहे, त्यासाठी युरोपात वेगळी मर्यादाही ठरवली आहे. हे विष उकळून जात नाही. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा खरवडून बाकीचं वापरू नका, सगळं टाका.

घरी लावता येतं का?

येतं, पण धीर हवा. खोल, भुसभुशीत, रेताड माती आणि भरपूर ऊन लागतं. चिकट जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात. बियांपेक्षा जमिनीखालच्या आडव्या खोडाचे 10 ते 15 सेंटिमीटरचे, दोन-तीन डोळे असलेले तुकडे लावा. पहिली दोन वर्षं काही काढू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पानं पिवळी पडून गळू लागली की खणा. कुंडीत मूळ गुंडाळी मारतं आणि बारीक राहतं, त्यापेक्षा मीटरभर खोल पिंप बरं. खणताना राहिलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो, म्हणून वाफ्याच्या कडेला पत्रा गाडून त्याला हद्द घालून द्या.